घंटा माशांची, हजेरी पाणकावळ्यांची

दत्तादादाचा फोन आला तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. दत्तादादा माझा मावसभाऊ, कळंबच्या पुढे घोड नदीकाठी राहतो. "तुझे पक्षी आमचं मासं खायाला लागल्यात, येऊन बघ," म्हणाला. मी हौसेने पक्ष्यांचे फोटो काढते, म्हणजे जणू ते पाळलेतही मीच.

शनिवारी निघाले. तुम्ही जाणार असाल तर नाशिकच्या एसटीत चढतानाच कंडक्टरला विचारा, गाडी कळंब गावातून जाणार की बायपासने. मी विचारलं नाही. चाकणच्या कोंडीत वैतागून डोळा लागला आणि गाडीने मला थेट आळेफाट्याला उतरवलं. तिथे चिडून मिसळ खाल्ली (तर्री म्हणजे नुसतं लाल पाणी), आणि टोमॅटोच्या क्रेटना टेकून जीपने उलटी कळंबला आले.

दादाच्या गावात मारुतीच्या देवळाखाली डोह आहे. तिथला मासा देवाचा, कुणी धरत नाही. रोज सकाळी आरतीनंतर दादा घाटावरची घंटा वाजवतो आणि भाकरीचे तुकडे टाकतो. घंटा ऐकून मासे वर येतात. ही सवय त्याच्या वडिलांनी, आमच्या अण्णांनी लावलेली. लहानपणी सुट्टीत मी हे बघायला पळत जायचे. हातभर मासे अगदी पायरीपर्यंत यायचे.

यंदा पलीकडच्या वठलेल्या बाभळीवर पाणकावळ्यांचा थवा बसलाय आणि डोहातले मासे भराभर कमी होतायत. दादाने फटाके लावले, बुजगावणं उभं केलं, उपयोग शून्य. आता गाव बाभूळ तोडायला निघालंय. पाणकावळे मासे खाणारच, असं मी म्हटलं, तर दादा म्हणाला की अख्खी नदी पडलीय, देवाचेच मासे कशाला पाहिजेत त्यांना? रात्रीच्या बेसनाच्या मासवड्या मात्र उत्तम होत्या, वहिनींच्या हाताला तोड नाही.

सकाळी आम्ही तिघं घाटावर गेलो. आरती झाली, दादाने घंटेचा पहिला टोला दिला, आणि एकही मासा दिसायच्या आत बाभळीवरून पाणकावळे उठले. सरळ घाटासमोर उतरले. भाकरी पडली, मासे वर आले, पाणकावळ्यांनी बुड्या मारल्या. दादा शिव्या देत घंटा आणखी जोरात वाजवत होता.

माझं डोकंच फिरलं. "दादा, अरे तूच त्यांना जेवायला बोलावतोयस."

"म्हैनाभर मी तेच सांगतीया," वहिनी म्हणाल्या. "माझं कोण ऐकतंय."

दादाने घंटेची दोरी सोडली. "मग काय, बंद करू? अण्णांनी लावलेली सवय हाय ती. मासं वाट बघत्याल."

त्यानंतर दादाने मला बायपासपर्यंत मोटारसायकलवर सोडलं, तेही तोंड फुगवून. परतीच्या गाडीत उभं राहावं लागलं, ते वेगळंच.

आठवड्याने त्याचा फोन आला. बाभूळ तोडलेली नाही, घंटा बंद आहे, पाणकावळे बरेच पांगलेत. मी खूश झाले.

"पन मासं हायेत का संपलं, ते कसं कळायचं गं?" तो म्हणाला. "बोलावल्याबिगर ते दिसत न्हाईत."

फोन ठेवून मी त्या सकाळचे सगळे फोटो चाळले. माझ्याकडे पाणकावळ्यांचे सुंदर फोटो आहेत, अगदी पंख वाळवतानाचेसुद्धा. डोहातल्या माशाचा एकही नाही, आणि याचा मला भयंकर राग येतोय.