आईचंच रक्त

सूक्ष्मदर्शकावरून मान न उचलता बाई डावा हात वर धरायच्या. म्हणजे कुणी बोलायचं नाही, मोजणं चालू आहे. मग आकडा सांगायच्या आणि मी लिहिणार तोच म्हणायच्या, "थांबा. एकदा मोजलं म्हंजे मोजलंच न्हाई." तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल. कामाला चोख, सोबतीला अवघड.

एकाहत्तरच्या लढाईनंतरची ती वर्षं. सांगलीच्या एका इस्पितळात बाई रक्त तपासायच्या, मी नोंदी ठेवायचो. बाई कवठे महांकाळच्या. त्या दुष्काळी भागातल्या असल्यामुळे की काय, नळसुद्धा जपून सोडायच्या.

एकदा मलकापूरची एक सून बाळंत झाली. बाळाच्या अंगभर निळे-लाल ठिपके, बेंबीतून रक्त थांबेना. तिचं पहिलं मूल असंच दुसऱ्या दिवशी गेलं होतं. सासू म्हणे, दृष्ट. बाईंनी बाळाच्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या कणिका, दोनदा मोजल्या. दीड लाखावर हव्यात, निघाल्या अठरा हजार. आईच्या मात्र पुरेशा होत्या. डॉक्टरांनी उलगडा केला : बाळाला बापाकडून आलेल्या कणिका आईच्या शरीराला परक्या वाटतात, ते त्यांना पोटातच मारतं.

बाळाचा बाप फौजी, सुट्टीवर आलेला. दोन भावांना घेऊन, बाह्या सारून आमच्या खोलीच्या दारात हजर.

"बाई, माझं घ्या. फौजेतलं रक्त हाय."

"तुमचं न्हाई चालायचं."

"का? बापाचं रक्त वंगाळ हाय व्हय?"

"लय चांगलं हाय. पन लेकराच्या अंगात तुमच्याच कणिका मरत्यात. आनखी त्याच घालून काय करू? आईच्या पायजेत, धुऊन."

बाई वॉर्डाकडे गेल्या, तर सासू दारात आडवी झाली. "ओल्या बाळंतिणीचं रक्त काढताय? लाज वाटत न्हाई?"

"वाटती. म्हणून तर मागतीय," बाई म्हणाल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या.

शेवटी खाटेवरून आवाज आला, "घ्या, बाई. पहिलं गेलं तवा मला कुनी इचारलंबी न्हवतं."

सासू बाजूला झाली.

बाईंनी आईच्या कणिका वेगळ्या करून तीनदा धुतल्या, म्हणजे बाळाच्या कणिका मारणारं तिच्या रक्तातलं पाणी सोबत जायला नको. त्या बाळाला दिल्या. दुसऱ्या दिवशी आकडा साठ हजारांवर गेला.

तिसऱ्या दिवशी बाई स्वतः वॉर्डात आल्या. बाळाच्या टाचेला सुई टोचून त्यांनी लागेल तेवढं रक्त घेतलं, टाच एकदा पुसली आणि तिच्याकडे बघत बसल्या. पुढचा थेंब आला नाही.

"मोजाया न्हाई जायचं व्हय?" सासूनं हळूच विचारलं.

"जाती की," टाचेवरची नजर न काढता बाई म्हणाल्या. "जरा बघू द्या."