झरीमायला मारायचं बटण

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात मुश्ताकभाऊंचं गाद्या-रजयांचं दुकान आहे. समोर दुकान, मागे घर आणि मधल्या खोलीत कापूस पिंजायचं मशीन. गाद्यांच्या खोळी शिवायचं काम त्यांची मुलगी अदीबा करते. तिशीला अजून पोचली नाही, बोलते कमी, आणि राग आला की त्याहून कमी. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर गेम खेळते. हा कॉम्प्युटर बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतून आला होता, खोळींचे नमुने शोधायला म्हणून. नमुने थोडे शोधले गेले. खेळणं मात्र राहिलं.

तिचा आवडता गेम होता 'बोडीपार'. बोडी म्हणजे धानाच्या शेतांना पाणी देणारं लहान तळं. त्या तळ्यापलीकडच्या जादूच्या रानात शिरायचं, आपलं पात्र हळूहळू घडवत जायचं, राक्षसांशी लढायचं आणि हरवलेली गावं परत आणायची, असा तो खेळ. कुठल्याही मोठ्या कंपनीच्या मदतीशिवाय तो बनवला होता सावली गावच्या निकेश नावाच्या मुलानं, दोन मित्रांना घेऊन. त्यातली सगळी माणसं आपल्या झाडीपट्टीची, वैनगंगेकाठच्या पूर्व विदर्भाची, बोली बोलत. रानाच्या तोंडाशी मोहाच्या झाडाखाली झरीमाय नावाची एक म्हातारी बसलेली असे. जखमी होऊन आलं की ती मुळी उगाळून लावायची, रागवायची, आणि पुढच्या वाटेचं काहीतरी सांगायची. तिला आवाज दिला होता निकेशच्या आईनं, गुणाबाईंनी.

तो आवाज घरात सगळ्यात जास्त कुणाला आवडायचा तर खातूनफुफीला. ही मुश्ताकभाऊंची थोरली बहीण. घरात बाकीचे हिंदी बोलतात, पण फुफीचं सारं आयुष्य वैनगंगेकाठच्या खेड्यात गेलं, त्यामुळे ती झाडीच बोलते आणि तिच्याशी सगळे तसंच बोलतात. अदीबा खेळायला बसली की फुफी शेजारी स्टूल ओढायची. राक्षस, तलवारी यात तिला काही रस नव्हता. "ते झाडाखालची बाई आली का सांग," एवढंच म्हणायची, आणि झरीमाय बोलायला लागली की हसायची. फुफी फारशी हसत नाही, म्हणून अब्बांनी गेमवरून अदीबाला बोलणं सोडून दिलं.

फुफी राजुऱ्याला का आली, ते मोहल्ल्यात सर्वांना ठाऊक आहे, पण कुणी काढत नाही. ती विधवा, एकटी. गावातल्या लेकरांचं पोट दुखलं, कुणाला दृष्ट लागली, तर बायका तिच्याकडे यायच्या. एका पावसाळ्यात गावात ताप आला आणि दोन लेकरं गेली. कुणीतरी म्हणालं, हे खातूननं केलं. तिला विजेच्या खांबाला बांधलं, मारलं. पोलिस आले म्हणून वाचली. मुश्ताकभाऊ तिला घेऊन आले तेव्हा तिचे पुढचे दात नव्हते आणि डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. तो आजही जात नाही.

गेल्या वर्षी 'बोडीपार'चा दुसरा भाग आला. अदीबानं महिनोन्महिने वाट पाहिली होती. आता निकेश पुण्यात होता, त्याच्यामागे पैसा लावणारे लोक होते. चित्रं सुंदर झाली होती. पाण्यात झाडांची सावली हलायची, तलवारीला वजन वाटायचं. अदीबानं फुफीला हाक मारली, "ये, दुसरा भाग आला." फुफी स्टूल घेऊन बसली.

सुरुवातीलाच एक गाव होतं. गावात साथ आलेली, पोरं तापानं फणफणलेली. गावचा पाटील खेळणाऱ्याला सांगतो की रानातली एक चेटकीण हे करते आहे, तिला संपव. अदीबा पात्राला घेऊन रानात गेली. मोहाचं झाड दिसलं. त्याखाली झरीमाय होती, पण डोळे लाल, नखं वाढलेली, आवाज भलत्याच कुणाचा. ती अंगावर धावून आली. अदीबानं संभाषणाचं बटण दाबलं, ते चालेना. ती मागे फिरली, तर वाट बंद. एकच बटण चालत होतं. ते दाबेपर्यंत खेळ पुढे जाणार नव्हता.

अदीबानं ते दाबलं. म्हातारी पडली. पडद्यावर ढोल वाजले, गावातली पोरं खाटेवरून उठून नाचायला लागली, आणि पाटलानं खेळणाऱ्याला चांदीची तलवार दिली.

फुफी उठली. स्टूल उचलून आत गेली.

"फुफी," अदीबा मागे गेली.

"ते बाई कोणती होती?"

"तेच. झरीमाय."

"तिले मारलं मंग पोरं बरी झाली?"

फुफीनं भिंतीकडे तोंड केलं. "बंद कर ते," म्हणाली.

त्या दिवशी अदीबानं एकही खोळ शिवली नाही. गेम विकत मिळतो त्या पानावर खेळणारे आपापलं मत लिहितात, तिथे तिनं लिहिलं. आजवर तिनं कधी काही लिहिलं नव्हतं. मत असं होतं:

"मी अदीबा, राजुऱ्याची. पहिला भाग मले पाठ आहे. दुसऱ्या भागात तुम्ही म्हाताऱ्या बाईले चेटकीण केलं, तिले मारायले लावलं, आणि मारल्यावर साथ जाते असं दाखवलं. आपल्या जिल्ह्यात असं म्हणून बायायले खरंच मारतात. खांबाले बांधतात. मारणाऱ्यायले वाटते का पोरं बरी होतीन. तुम्ही त्यायचं खरं करून दाखवलं. निकेश सावलीचा आहे, त्याले हे माहीत नाई असं मी मानत नाई. हा खेळ कोणी घेऊ नका."

फुफीचं नाव तिनं लिहिलं नाही. ते आपलं लिहायचं नाही, असं तिला वाटलं.

खाली उत्तरांची रांग लागली. एक म्हणाला, खेळ आहे, खेळासारखा घ्या. दुसरा म्हणाला, पाणी किती खरं वाटतं ते तरी बघा. तिसऱ्यानं लिहिलं की कसाबसा मराठीत एक चांगला गेम झाला, त्यालाही तुम्ही लोक पाय ओढून खाली आणता, म्हणून मराठीत काही होत नाही. आणखी एकानं फक्त एवढंच लिहिलं: नाव वाचा, मग कुठून दुखतंय ते कळेल. अदीबानं हे शेवटचं अब्बांना वाचून दाखवलं. मुश्ताकभाऊ म्हणाले, "छोड दे, बेटा." ती म्हणाली, "का सोडू?" आणि कात्री इतक्या जोरानं टेबलावर ठेवली की दारात उभं असलेलं गिऱ्हाईक मागे सरलं.

निकेशचंही उत्तर आलं, गोड भाषेत. कथेची ती गरज आहे, झरीमायचं पतन हे प्रतीक आहे, तिसऱ्या भागात उलगडा होईल, आपल्या भावनांचा आदर आहे. अदीबानं ते तीनदा वाचलं. त्यात तिच्या एकाही वाक्याला उत्तर नव्हतं.

मग तिच्या बाजूचे लोक आले, आणि ते अधिक वाईट निघाले. तिचं मत फिरत फिरत कुठेकुठे गेलं. ज्यांना खेळ आवडला नव्हता, त्यांनी ते उचललं आणि निकेशला शिव्या घालायला सुरुवात केली. कुणीतरी गुणाबाईंचा पहिल्या भागातला आवाज कापून त्यावर घाणेरडं काहीतरी जोडलं. अदीबानं ते ऐकलं आणि मध्येच बंद केलं. म्हातारीसाठी भांडते म्हणून हे तिच्या बाजूला आलेले, आणि दुसऱ्या म्हातारीची विटंबना करून राह्यलेले. तिनं लिहिलं, "त्याच्या आईचं नाव काढाल तर तुम्ही माझ्या बाजूचे नाई. त्या पाटलाच्या बाजूचे आहात." त्यावर तिलाही शिव्या पडल्या, आता दोन्हीकडून.

पुढच्या आठवड्यात बातमी आली की चंद्रपूरच्या एका कॉलेजात निकेशचा सत्कार आहे. अदीबा जायला निघाली. चप्पल घालत होती, तेवढ्यात फुफी आतून बुरखा घालून आली. मारणाऱ्यांवरच्या खटल्याची कोर्टातली तारीख सोडून ती कधी घराबाहेर पडत नसे.

"मले घेऊन चाल."

"तिथी काय करशीन फुफी?"

"पाहीन त्याले."

बसमध्ये फुफीनं खिडकीजवळची जागा घेतली.

सभागृहात भाषणं झाली, शाल झाली, जिल्ह्याचं नाव मोठं केलं हे बऱ्याच वेळा झालं. पहिल्या रांगेत गुणाबाई बसल्या होत्या, नवं लुगडं नेसून, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा अदीबानं हात वर केला. माईक तिच्यापर्यंत आलाच नाही. कार्यक्रम संपल्यावर पोर्चमध्ये पोरं निकेशबरोबर फोटो काढत होती, तिथे ती जाऊन उभी राहिली.

"मी अदीबा. राजुरा."

निकेशचा चेहरा बदलला. "ताई, तुमच्यामुळे मले काय काय ऐकावं लागलं, तुम्हाला कल्पना आहे का? माझ्या आईवर गेले लोक."

"त्यायले मी बोलली. तुम्हाला दिसलं असंन. तुम्ही काऊन नाई बोलले?"

"मी बोलून काय होते?"

"तुमच्या आईसाठी नाई बोलले, झरीमायसाठी काय बोलाल."

गुणाबाई पुढे आल्या. काय झालं म्हणून विचारू लागल्या. तेवढ्यात फुफीनं तोंडावरचा पडदा वर केला आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"तुमी बोलत होत्या ना त्यात? झाडाखाली बसून? मी रोज ऐकत होती."

गुणाबाई लाजल्या. "हो बाई. यानंच बोलायले लावलं. दुसऱ्यात माहा आवाज घेतला नाई. इचारलं तं म्हणे, आता कामाचा नाई."

"बरं झालं नाई घेतला," फुफी म्हणाली. "दुसऱ्यात त्या बाईले बटण दाबून मारतात. चेटकीण म्हणून."

गुणाबाईंनी मुलाकडे पाहिलं. निकेश म्हणाला, "आई, ते कथेत आहे. तुले नाई समजणार."

"मले नाई समजत? आपल्या गावात ते कुंभाराची म्हातारी कशानं गेली, मले नाई समजत? तू लहान होता. दार लावून बसलो होतो आपण. तिचा आवाज येत होता." गुणाबाईंचा आवाज चढला नव्हता, पण फोटो काढणाऱ्या पोरांनी मोबाइल खाली घेतले. "तिचं बटण केलं का तू?"

निकेशच्या हातात गुच्छ होता. तो त्यानं एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. म्हणाला, "मारणं काढता येत नाई. पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. पैसे लावणारे ऐकणार नाईत."

अदीबा काही म्हणणार होती. फुफीनं तिला थांबवलं.

"मारू दे लोकायले," फुफी म्हणाली. "त्यायले मारायचंच असन तं मारतीन. पण मंग पोरं उठून नाचली असं नको दाखवू. मले बांधलं, मारलं, गावाबाहेर काढलं. ताप गेला नाई. माझ्यामागं आणखी एक लेकरू गेलं. मंग धूर मारायची गाडी आली, रक्त तपासलं, गोळ्या वाटल्या, तवा गेला तो. हे दाखव. हे खरं आहे."

एवढं बोलून तिनं पडदा खाली घेतला आणि बसस्टँडच्या दिशेनं चालायला लागली. निकेश गुच्छ घेऊन तिथेच उभा राहिला. गुणाबाई त्याच्या शेजारी उभ्या होत्या, पण त्याच्याकडे पाहत नव्हत्या.

बराच काळ काही झालं नाही. अदीबा धरून चालली की काही होणारही नाही. मग खेळात बदल आल्याची सूचना पडद्यावर दिसली. तिनं दार लावून घेतलं आणि एकटीनं खेळून पाहिलं. झरीमाय तशीच होती, लाल डोळ्यांची. तिला मारलं. ढोल वाजले नाहीत. गावात परत गेल्यावर पोरं खाटेवरच होती, आणि एक खाट रिकामी झाली होती. पाटील म्हणाला, दुसरी चेटकीण असेल, शोध. साथ घालवायची वाट वेगळीच होती, नदीपलीकडून औषध आणायची, लांब आणि कंटाळवाणी, आणि आता झाडापासून मागे फिरता येत होतं; म्हातारीला हात न लावता गेलं तर ती स्वतःच ही वाट दाखवायची.

खेळणारे खवळले. मतांच्या पानावर आगडोंब उसळला. खेळ बिघडला, मारूनही आजार जात नाही, आमची चांदीची तलवार परत द्या, चेटकीण मारून काही मिळत नसेल तर मारायची कशाला. हे शेवटचं वाक्य बऱ्याच जणांनी रागानं लिहिलं होतं. आपण काय लिहिलं, हे त्यातल्या कुणाच्या लक्षात आल्याचं दिसत नव्हतं.

एके सकाळी दुकानाच्या नंबरवर निकेशचा फोन आला. आवाज थकलेला होता, आणि चिडलेलाही.

"ताई, जे सांगितलं ते केलं. आता रेटिंग पडलं. पैसे लावणारे हिशेब मागून राह्यले. तुमचं ते पहिलं मत अजून वरच आहे. ते तरी बदला."

"म्हातारी अजून मरते ना?"

"ते खेळणाऱ्याच्या हातात आहे आता. कोणी मारते, कोणी सोडते."

"पण डोळे लालच ठेवले तुम्ही. नखं ठेवली. पाहिल्याबरोबर माणसाले वाटते का ही मारायचीच आहे."

निकेश म्हणाला, "तुम्हाला काही केलं तरी पुरत नाई."

"नाई पुरत," अदीबा म्हणाली, आणि फोन ठेवला.

तिनं मत काढलं नाही. खाली एक ओळ वाढवली, की साथीचं आता खरं दाखवलं आहे, तेवढं बरं केलं. डोळे बदला, मग बोलू. मशीनवर पाय ठेवला आणि दुसऱ्या दिवशी द्यायच्या खोळीची कड शिवायला घेतली. आत फुफी अब्बांना सांगत होती की सावलीहून गुणाबाईंचा फोन आला होता, दोघी बराच वेळ बोलल्या, आणि पोराचा विषय एकदाही निघाला नाही.