नऊ सोंगट्यांची सूट

पोरगा मुंबईला कंपनीत लागला आणि तिथल्या साहेबाकडून गो नावाचा जपानी खेळ शिकून आला. रेघा आखलेला पाट, काळ्यापांढऱ्या सोंगट्या. जास्त जागा वेढेल तो जिंकला; चहूबाजूंनी कोंडलेली सोंगटी उचलून बाहेर. पोलादपूरच्या वरच्या आमच्या वाडीत तो गणपतीपुरता यायचा. मी नवशिकी, म्हणून आधीच नऊ काळ्या मांडायची मला सूट.

"नऊ घेऊन जिंकलीस तर एक दिवस जास्त राहीन, आये."

झालं, बाई पेटली! दोन वर्षं जरा सुधारले, मग जी रुतले ती रुतलेच. पुढचे सहा गणपती आले नि गेले. तो नसताना चुलीपाशी वाल आणि चिंचोके मांडून दोन्ही बाजूंनी मीच खेळायचे आणि रोज जिंकायचे. काय ती हुशारी! आज नातवंडांची आजी झाले तरी त्या बाईचं हसू येतं.

"वाल निवडतेस का पेरतेस?" शेजारीण विचारायची.

खोड कुठे होती? मी शेळ्या राखणारी. सांजेला एक करडू कमी भरलं की आंबेनळीच्या उतारावर हाका मारत फिरायचं, एवढंच अंगात मुरलेलं. पाटावरही तेच. एक सोंगटी कोंडली की तिला सोडवायला दुसरी, दुसरीपाठी तिसरी. एकीसाठी पंधरा घालवून बसायचे.

"सोड ना तिला, आये. मेली ती."

"तुझी मेली असेल!"

नवव्या वर्षी गौरी-गणपती बोळवले आणि निघायच्या दिवशी सकाळी शेवटचा डाव मांडला. त्याने माझा कोपरा कोंडला. माझा हात शिवशिवत होता, तो मांडीखाली दाबला. खा म्हटलं. तो कोपरा खात बसला तोवर मी मधली सगळी जागा वेढली. मोजलं. चारने जिंकले.

"हे कधी शिकलीस गं?"

"मग उद्या राहतोस ना?"

त्याने घड्याळ बघितलं. "रजा नाय, आये." मग पाट आणि सोंगट्यांचा डबा माझ्याकडे सरकवला. "हे हितंच राहू दे. मला आता खेळायला वेळ नाय."

बॅग घेऊन तो उतरणीला लागला.

त्या सकाळीच मी त्याची एक पांढरी सोंगटी चोरून कनवटीला लावली होती. ती न्यायला तरी शिमग्याला येईल, ही माझी अक्कल! कनवटीतून काढली आणि डब्यात टाकली.