भोवरेआक्कांचा टेकू

विद्यापीठात आक्कांना कुणी नावानं हाक मारली असेल तर शपथ! सगळ्यांच्या तोंडी भोवरेआक्का. ताऱ्याभोवती तापलेला वायू फिरताना त्यात भोवरे उठतात आणि आपोआप मंदावून निवतात, हे त्यांनी तरुणपणी संगणकावर हिशेब मांडून दाखवलं आणि त्यावरच उभा जन्म काढला. घरी चहा ढवळला तरी पिणं राहायचं बाजूला, बाई कपातला भोवरा बघत बसायच्या. "अगं, थांबला तो, पी आता," नवरा म्हणायचा. चित्रकलेचा मास्तर माणूस. त्याला भोवऱ्याचं सोयरसुतक नव्हतं, चहा गार होतो याचं दुःख होतं.

हाताखालच्या शेवटच्या विद्यार्थिनीला आक्का चिमणी म्हणायच्या, कारण तोंड म्हणून मिटायचं नाही. हिनं कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला आक्कांच्या जुन्या प्रोग्रॅमनं काढलेले हजारो भोवरे दाखवले आणि विचारलं, यांचा नियम सांग. यंत्रानं पुस्तकातलं समीकरण बिनचूक काढलंच, वर शेपटाला एक नवं पद जोडलं. कुठल्याच पुस्तकात नसलेलं! झालं. निसर्गाचा नवा नियम सापडला म्हणून विभागप्रमुखांचे पाय जमिनीवर ठरेनात.

दुपारी चिमणीनं सगळ्यांसमोर ते समीकरण फळ्यावर मांडलं. मागच्या बाकावर आक्का कौतुकानं बघत होत्या. शेवटचं पद लिहून झालं आणि त्या पुढे वाकल्या. ते पद ओळखीचं होतं. ओळखीचं कसलं, पोटचं होतं!

त्या काळचे संगणक तोकडे. भोवऱ्याचा हिशेब मध्येच भरकटायचा, आकडे आभाळाला भिडायचे. मग सगळे करायचे तेच आक्कांनी केलं. समीकरणात जरासं खोटं घर्षण घातलं, हिशेब सावरण्यापुरतं. टेकूच तो. हिशेब सावरला, आणि टेकू दिलाय हे बाई साफ विसरून गेल्या.

"थांब गं चिमणे," आक्का उठल्या. "हा निसर्गाचा नियम नाही. मी घातलंय ते पद. माझ्या हातानं."

चिमणीनं खडू खाली ठेवला.

"माझं सगळं पाण्यात गेलं की, आक्का!"

"काही गेलं नाही. माझा विसरलेला टेकू तुझ्या यंत्रानं हुडकून काढला, हेच लिही." पोरीला सावरलं म्हणून आक्कांना जरा हायसं वाटलं.

चिमणी मात्र फळ्याकडेच बघत राहिली. मग चाचरत म्हणाली, "पण आक्का, हे पद तर भोवरा निववतं. मग तुमचे भोवरे आपोआप निवत होते, की याच्यामुळे?"

आई गं! एवढी साधी गोष्ट. हा प्रश्न इतक्या वर्षांत कुणीच विचारला नव्हता, त्यांनी स्वतःसुद्धा नाही.

आताच्या संगणकाला टेकूची गरज नव्हती. "काढ ते पद," आक्का म्हणाल्या.

"उद्या करू ना."

"आत्ता कर!"

खोलीतले बाकीचे हळूहळू पांगले. पडद्यावर भोवरा फिरू लागला. जिथे तो नेहमी मंदावायचा ती जागा आली, गेली. त्यानं शेजारचा भोवरा गिळला आणि आणखीच फुगला. चिमणीनं पुन्हा तपासलं, पद काढलेलंच होतं.

फोन वाजला. नवरा होता. "निघालीस ना? चहा टाकतो."

आक्कांची नजर पडद्यावरून हलेना.

"अहो, नका टाकू," त्या म्हणाल्या. "हा थांबतच नाहीये."