सुतळीच्या मापाची मांडणी

काशीला आलं की माणसाचे सगळे भ्रम फिटतात म्हणतात. आमच्या घरमालकांकडे भाड्यानं राहायला गेल्यापासून माझे मात्र वाढतच गेले. सोप्यातली सोपी गोष्ट समोरच्याला कळेनाशी करून सांगण्याची विद्या त्यांच्याइतकी कुणाला साधलेली मी पाहिलेली नाही. आणि हा गृहस्थ रेल्वेत चौकशीच्या खिडकीवर सारी हयात काढून निवृत्त झालेला. त्या खिडकीवरून किती कुटुंबं कुठल्या कुठे जाऊन पोचली असतील, देव जाणे.

नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. बँकेनं माझी बदली बनारसला केली आणि अमृतराव घाटाच्या वरच्या गल्लीत मला दोन खोल्या मिळाल्या. पहिल्याच दिवशी घरमालकांना, म्हणजे काकांना, मी पोस्टाची वाट विचारली. ते म्हणाले, "सरळ जा, पण सरळ म्हणजे एकदम सरळ नाही. पानवाला लागेल, तो सोडा. दुसरा पानवाला लागला तर समजा चुकलात, मग तसंच पुढे जा." मी तासाभरानं परत आमच्याच दारात आलो. ते ओट्यावर बसले होते. "मिळालं ना?" त्यांनी शांतपणे विचारलं. घरात घड्याळं दोन. एक पुढे, एक मागे. खरी वेळ या दोन्हींच्या मधे कुठेतरी असते, असं ते सांगायचे. स्वतः मात्र कधीच गोंधळत नसत. गोंधळ व्हायचा तो दुसऱ्यांचा.

त्यांचे पूर्वज पाच पिढ्यांपूर्वी कोकणातून आलेले. त्यामुळे त्यांची मराठी गंगेचं पाणी प्यायलेली होती. काकूंची गुडघेदुखी त्या वर्षी फार वाढली. त्यांच्या चाळीस-एक कुंड्या गच्चीवर होत्या, त्यांतल्या निम्म्या माकडांनी ताब्यात घेतलेल्या. जिना चढवेना म्हणून उरलेल्या कुंड्या खाली व्हरांड्यात आणून ठेवल्या. मोगरा, कढीलिंब, गवती चहा, कोरफड. पण पाणी घालायला वाकावं लागे आणि वाकलं की काकूंना उठता येत नसे. एके दिवशी त्या कुंड्यांकडे न बघताच म्हणाल्या, "कुणाला तरी देऊन टाका हो. उगाच वाळतील." त्या दिवशी काका जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते खिशात सुतळी घेऊन घरभर फिरायला लागले.

आठ-दहा दिवसांनी मला बोलावून म्हणाले, "लकडीची मांडणी करायची. तीन फळ्या, चार पाय. ह्यात काय मुश्किल आहे?" मी म्हटलं, सुतार बोलवू या. "नको. सुतार आपल्याला हवं ते करत नाही, त्याला येतं ते करतो." मग एका रविवारी आम्ही नावेनं रामनगरला गेलो. पुलावरून का नाही, हे मी विचारलं आणि त्याचं उत्तर परत येईपर्यंत चाललं होतं. आंब्याच्या फळ्या आणि पायांसाठी चार लांब पट्ट्या नावेत आडव्या घातल्या. याचं काय होणार म्हणून नाववाल्यानं विचारलं, "का बनी, बाबूजी?" काका म्हणाले, "अभी नाप से पूछना है."

हे नाप म्हणजे सुतळीचे तीन तुकडे. मी बँकेतून टेप आणली होती, ती त्यांनी हातातही घेतली नाही. "टेप सगळ्यांसाठी असते," ते म्हणाले. मी एक तुकडा जमिनीपासून धरून बघितला. सगळ्यात खालची फळीच जवळजवळ दोन फूट उंच येत होती. "काका, खाली एवढी जागा फुकट जातेय. आणखी एक फळी बसेल."

"बसेल ना."

"मग बसवू या?"

"नाही."

मला काहीच उमगेना. दोन पायांवर खुणा मी केल्या, दोनांवर त्यांनी. मी खालून मोजलं आणि त्यांनी वरून, कारण वरून खाली येणं सोपं पडतं. पाय मुळात सारख्या उंचीचे नव्हते, हे मांडणी उभी राहिल्यावर कळलं. पहिलीच कुंडी ठेवली तशी ती सावकाश सरकत त्यांच्या मांडीवर आली. "पाणी आपोआप निथळेल," ते म्हणाले, पण खिळे काढायला बसले. पुन्हा कापलं, पुन्हा ठोकलं. "डावीकडचा उजवा पाय धरा," असं त्यांनी चौथ्यांदा सांगितल्यावर मी हातोडी खाली ठेवली.

"काका, मला यातलं काहीही कळत नाहीये."

"मला तरी कुठे कळतंय," ते पट्टी तासत म्हणाले. "सुतळी सांगते तसं करू."

तिसऱ्या रविवारी मांडणी भिंतीला लागून एकदाची सरळ उभी राहिली. कुंड्या लावून झाल्या. काकू भिंतीच्या आधारानं बाहेर आल्या आणि समोर उभ्या राहिल्या. त्यांनी हात नुसता खाली सोडला, तर बोटं गवती चहाला लागली. कोपरातून वळवला तो मोगऱ्यावर गेला. खांद्याच्या पातळीला कढीलिंब होता. कुठेच वाकावं लागलं नाही. बराच वेळ त्या पानं चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे म्हणून माझ्या मागे मागे हिंडत होता होय? मी कपडे वाळत घालतेय आणि हे पाठीशी सुतळी धरून उभे. मला वाटलं, डोकं सरकलं."

"सरळ उभी राहत नव्हतीस," काका म्हणाले. "फार तकलीफ झाली."

पुढे माझी बदली झाली. पाच वर्षांनी बँकेच्याच कामासाठी बनारसला गेलो, तेव्हा त्यांच्याकडे डोकावलो. काकू मांडणीपाशी पाणी घालत होत्या. पाठ पार वाकलेली. मांडणी मला ठेंगणी वाटली. व्हरांड्याची फरशी उंच करून घेतली की काय, असं मी काकांना विचारलं. नेहमीप्रमाणे ते काहीतरी लांबलचक सांगतील म्हणून मी तयारीत होतो.

"दर दिवाळीला पाय थोडे कापतो," ते म्हणाले. "गेल्या वर्षी दोन बोटांइतके कापले."

इतक्या वर्षांत त्यांचं एवढंच बोलणं मला पहिल्या झटक्यात कळलं.