सहा महिने लागणारी झुरळं

मागच्या बुधवारी भरदुपारी, चिखलीतल्या आमच्या घरात आम्ही मायलेकी झुरळं निवडत बसलो होतो. हो, झुरळंच! जिने तीस वर्षं मोरीच्या कडेने झुरळं मारायच्या खडूच्या रेघा ओढल्या, तीच मी बाई... मोबाईलवर फोटो मोठे करून पाहत होते.

झालं असं, की आमची रेणू दोन महिन्यांपूर्वी पुण्याहून घरी आली. कंपनीने तिची अख्खी टीमच बंद केली. येताना दोन बॅगा आणल्या आणि एक काचेची पेटी, आणि पेटीत पाल! पिवळी, अंगभर ठिपके, परदेशी जातीची. नाव ठिपकी.

मी म्हटलं, "अवं माय, घरात फुकटच्या कमी आहेत काय, तं तू एक बसमधून घेऊन आली?" पण चार दिवसांत मीच तिला सकाळी उठल्यावर आधी बघायला लागले.

ठिपकीला जिवंत किडेच लागतात. पुण्यात दुकानात मिळायचे, इथे कुरिअरने मागवावे लागतात. आपल्याकडचं ऊन... डबा उघडला की निम्मे मेलेले. उपासमारीने ठिपकीची शेपटी बारीक व्हायला लागली, तेव्हा रेणूने ठरवलं की तिच्या खाण्यापुरती झुरळं घरीच वाढवायची.

"मंग मोरीतलेच घे नं," मी आपलं सुचवलं. रेणूने कपाळावर हात मारला. "आई, त्यायनं तुझा खडू चाटला असन. ठिपकी मरन नं!" नऊ वर्षं पुण्यात काढली, पण उंबरा ओलांडला की पोरीची बोली लगेच आपली होते. मला फार बरं वाटतं ते.

तर, विकणाऱ्या मुलाने दोन जातींचे फोटो पाठवले होते. एक लाल, सडपातळ, भयंकर पळणारी. अंडी भराभर घालते, दीड-दोन महिन्यांत पिल्लं खायला घालता येतात. दुसरी तपकिरी, रुंद, ड्युबिया नावाची. गुळगुळीत डब्यातून चढून बाहेर येत नाही, वास मारत नाही, थेट पिल्लंच देते... पण वाढते अगदी सावकाश. त्याने स्पष्ट लिहिलं होतं, पहिले सहा महिने एकालाही हात लावायचा नाही. नुसतं वाढू द्यायचं.

सहा महिने हे शब्द मी दोनदा वाचले.

आता खरं सांगते. बारावीनंतर या पोरीला पुण्याला मीच धाडलं. बस सुटताना ती रडत होती आणि मी म्हणत होते, मागे वळून पाहू नको. नातेवाइकांनी नावं ठेवली तर त्यांच्याशी भांडले. मग आता "थांब" म्हणायला मला तोंड कुठे होतं? पुण्याहून तिला नोकरीचा फोन आला की मी स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर लावते... मला ऐकूच येऊ नये म्हणून. जारमध्ये काही नसतं बरं का!

"हे तपकिरीच घे," मी म्हटलं.

"काऊन?"

"उडत नाही. चढत नाही. घरभर होणार नाहीत." माझी वकिली जोरात चालली होती. "तोवर कुरिअर मागवू, मी सोता जाऊन आणत जाईन."

रेणू हसली नाही. मोबाईल बाजूला ठेवला. "आई, मी दीड-दोन महिन्यांत जाईन म्हणून राह्यली. लाल घेतले तं जायच्या आधी सारं सुरू होऊन जाईन. तू हे झुरळांसाठीच सांगून राह्यली का?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं... आणि रडूच आलं. "नाही वं. तुयासाठी सांगून राह्यली. घर लई रिकामं वाटते मले. राह्य नं थोडी."

बोलून गेले आणि लाज वाटली. इतकी वर्षं पोरीसमोर कडक राहिलेली मी. रेणू उठून आत गेली, दार लोटून घेतलं. मला वाटलं, झालं, पोरीच्या पायात मीच बेडी घातली. संध्याकाळी हे शेतातून आले तरी मी धड बोलले नाही.

सकाळी उठले तर रेणू चहा घेऊन समोर. म्हणाली, "आई, अंड्याचे रिकामे पुठ्ठे लागतीन, झुरळायले बसाले. आणते का?" आमच्या घरात आजवर अंडं आलेलं नाही! पण गेले. दुकानदाराने वरपासून खालपर्यंत बघितलं, "काकू, तुम्ही?" म्हटलं, "अंडे नको, नुसते पुठ्ठे दे." त्याला काय वाटलं असेल देव जाणे.

काल पार्सल आलं. मी लांबूनच पाहत होते, लाल की तपकिरी... रेणूने झाकण काढलं. रुंद, तपकिरी, सुस्त, एका कोपऱ्यात गपगार बसलेली झुरळं. मला आयुष्यात झुरळ इतकं देखणं कधी दिसलं नव्हतं.

"सहाच महिने हं, आई," रेणू म्हणाली. "इथूनच काम मिळते का ते पाहतो. नाही मिळालं तं जाईन मी."

मी "हो" म्हटलं. सहा महिन्यांनी मन भरेल असं नाही, ते मला ठाऊक आहे. पण पोरीला "जा" म्हणणं मला एका दिवसात जमलं होतं, "राह्य" म्हणायला नऊ वर्षं लागली... आणि तिने ऐकलं.