मांड्यांचं पीठ

कागद गिरणीतून निवृत्त झाल्यावर वर्षभरातच नवरा गेला, तेव्हा प्रतिभाबाई नेपानगरचं क्वार्टर सोडून बुऱ्हाणपुरात, राजपुऱ्यातल्या दोन खोल्यांत आल्या. मुलगी हिमानी इंदूरला नोकरीला. दुपार खायला उठायची. कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं असा एक मराठी ज्ञानकोश मोबाईलवर सापडला, तेव्हा त्यांनी आधी ‘मांडे’ शोधले. नव्हते. मग बसल्या लिहायला.

तासाभरात ‘तापीकाठ’ नावाच्या कुणीतरी खाली विचारलं, “ताई, खापर उपडं ठेवता ना? तेही लिहा.” दुसऱ्या दिवशी विचारलं, पीठ कुठल्या कापडातून गाळता? एवढी बारीक चौकशी एकतीस वर्षांच्या संसारात कुणी केली नव्हती. पुढची दोन वर्षं बाईंनी काही चुकवलं, की तापीकाठ हजर.

होळीच्या सुमारास ते येईनासे झाले. बाईंनी तीनदा निरोप टाकला. आजारी आहेत की गेलेच, विचारणार कुणाला? नाव नाही, गाव नाही. शेवटी त्यांनी मांड्यांच्या पानावर जाऊन ‘गव्हाचं पीठ’ खोडलं आणि ‘ज्वारीचं’ लिहिलं. एवढी ढोबळ चूक बघून तरी त्यांना राहवणार नाही.

तीन आठवडे ज्वारी तशीच राहिली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दुपारी हिमानीचा फोन आला. “मम्मी, पूरा कचरा झाला! ऑफिसवाल्यांना मांडे खिलवणार होते, तर पीठ ताणलंच जात नाही. टुकडे टुकडे.”

“कसलं घेतलंस?”

“ज्वारीचं.”

“ज्वारीचे मांडे? लहानपणापासून खाल्लेस ना गं?”

“खाल्ले, बनवले थोडीच! नेटवर तसंच लिहिलंय. कोण बेवकूफ लिहितं, कोण जाणे.”

“मला विचारायचं होतंस.”

“तू एकदा सुरू झालीस की तासभर फोन ठेवत नाहीस, मम्मी. आज टाइमच नव्हता.”

“गहू घे. मऊ मळ आणि झाकून ठेव.”

“मग ते कोणी ठीक का नाही करत?”

“करेल कुणीतरी. ठेव, पाहुणे यायचे असतील तुझे.”

फोन ठेवून त्यांनी पान उघडलं. ज्वारी खोडली, गहू लिहिला. खाली बदलाचं कारण विचारणारी चौकट होती. ‘तुम्ही याल असं वाटलं होतं,’ त्यांनी लिहिलं. मग तेवढं पुसलं, ‘चूक दुरुस्त केली’ असं लिहिलं आणि बटण दाबलं.